आकारमानाला एवढे श्रेय कशासाठी?

‘मेंदू जितका मोठा तितकी बुद्धी अधिक, हे आता सिद्ध झाले आहे’ हे लेखातील विधान मला घाईचे वाटले. एमआरआयने मोजलेले मेंदूचे आकारमान आणि बुद्ध्यंक यांच्यात सहसंबंध (दोन गोष्टी कितपत एकत्र वाढतात-घटतात याचे माप; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) आढळतो, हे खरे. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात तो सुमारे ०.२४ इतकाच भरला, आणि या आकड्याचा वर्ग केल्यास लोकांच्या बुद्ध्यंकांतील तफावतीपैकी जेमतेम ६ टक्के वाटा आकारमानाशी जोडता येतो. सांख्यिकी शिकवताना हा वर्ग करण्याचा आग्रह मी नेहमी धरतो, कारण नुसता सहसंबंध ऐकून विद्यार्थी (आणि पुष्कळदा लेखकही) भारावून जातात. आइन्स्टाइन यांचा मेंदू १,२३० ग्रॅमचा, म्हणजे सरासरीहून काहीसा हलकाच होता.

लेखातून सुटलेला मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हायर यांच्या १९८८ सालच्या पेट स्कॅन (मेंदू किती ग्लुकोज, म्हणजे इंधन, वापरतो हे दाखवणारी तपासणी) अभ्यासात, तर्काच्या चाचणीत अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या मेंदूने ग्लुकोज उलट कमी वापरल्याचे दिसले. तो प्रयोग अवघ्या आठ जणांवरचा होता; तरीही प्रश्न मेंदू किती मोठा यावरून तो किती काटकसरीने काम करतो याकडे वळला, तो तेथूनच.