निदान एम.कॉम. तरी

शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू लेकाला घेऊन आल्या. सीए इंटर दुसऱ्यांदा राहिली. पोरगा दारातल्या चपला मोजत उभा. काकू म्हणाल्या, "तू तरी समजाव गं याला. निदान एम.कॉम. तरी करून घे म्हणावं."

भांडुपला सकाळच्या गाडीत आम्ही चेंगरतो ना, तशी आमची अख्खी डिग्री या 'निदान' आणि 'तरी'च्या मध्ये चेंगरते. कॉमर्सवाल्या घरांत उतरंड ठरलेलीच असते. सीए झाला तर पेढे, नाहीतर सीएस (कंपनी सेक्रेटरी) नाहीतर सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), आणि काहीच नाही जमलं तर एम.कॉम. मुलगी असेल तर 'लग्न ठरेपर्यंत'. मीही तेविसाव्या वर्षी हेच ऐकून फॉर्म भरला आणि सहा महिन्यांत सोडून दिलं. पुन्हा केलं ते एकतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, मुंबई विद्यापीठाच्या कलिनाहून दूरशिक्षणानं. विषय दोन्ही वेळेला तोच, अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी. पण मधल्या आठ वर्षांत मी हिशेब लिहिले होते.

पहिली नोकरी काळबादेवीत, कापडवाल्या शेठकडे. तिथे एक म्हातारे अकाउंटंट होते, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली वापरायचे पण लेजरला खतावणी आणि ट्रायल बॅलन्सला तेरीजच म्हणायचे. एकदा माझा बँकेचा ताळा 720 रुपयांनी जुळेना. संध्याकाळचे सात वाजले, मी रडकुंडीला. काका जागेवरूनच म्हणाले, "नवानं भाग जातोय का बघ." जात होता. "मग आकडे उलटे घातलेस कुठेतरी." खरंच, 1,910 चा चेक मी 1,190 लिहिला होता. शेजारशेजारचे दोन आकडे उलटले की फरकाला नवानं भाग जातोच. का जातो ते काकांना सांगता येत नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नाही. नोकरीत असंच चालतं, गाडी सुटायच्या आत ताळा जुळला म्हणजे झालं.

'का' आडवा आला तो पुढे, दुसऱ्या ऑफिसात. 2019 च्या एप्रिलपासून इंड एएस 116, म्हणजे भाडेकरारांचा हिशेब कसा लिहायचा त्याचं मानक, लागू झालं. ऑडिटरनं एक एक्सेल शीट पाठवली आणि मी मुकाट्यानं एन्ट्री टाकल्या. भाड्याचं ऑफिस आमच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभं राहिलं! जागा मालकाची, मालमत्ता आमची? कोणाला विचारलं नाही. सिनियर झाल्यावर असले प्रश्न विचारायची लाज वाटते.

ते कळलं एम.कॉम. करताना, रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून. समजा भाडं वर्षाला 12 लाख, करार पाच वर्षांचा, व्याजदर 10 टक्के, भाडं वर्षाअखेरीस. एकूण देणं 60 लाख, पण त्याची आजची किंमत साधारण 45.49 लाख. तेवढी मालमत्ता, तेवढीच देणी. पहिल्या वर्षी घसारा, म्हणजे मालमत्तेचा पाचवा हिस्सा, 9.10 लाख, देण्यावरचं व्याज 4.55 लाख, मिळून 13.65 लाख. म्हणजे खिशातून गेले 12 आणि नफ्यातून गेले 13.65. शेवटच्या वर्षांत उलटं होतं, पाच वर्षांची बेरीज तीच 60. मालमत्ता जागा नव्हेच, पाच वर्षं ती वापरायचा हक्क! कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. वरणाचा लगदा झाला, तो घरच्यांनी निमूटपणे खाल्ला.

सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याचंही तसंच. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं, पुस्तकातली 5,040 कोटींची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही म्हणून. बातमी तेव्हाच वाचली होती. ऑडिटच्या पेपरचा अभ्यास करताना एकदम काळबादेवी आठवली. शिल्लक कंपनीनं दाखवलेल्या कागदावर मानायची नाही, बँकेकडून थेट मागवायची, हे आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएकडे उमेदवारी करणाऱ्या, पोरालाही शिकवतात. आम्ही 720 रुपयांसाठी रात्र केली आणि तिथे कोट्यवधींवर टिकमार्क!

आता कडू भाग. परीक्षेतले आकडे नको इतके गुळगुळीत, खऱ्या ऑफिसात असं काही जुळत नाही. प्रोजेक्ट म्हणाल तर अर्ध्या वर्गाचं एकाच झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमधून निघालं. आणि पगार? मार्कशीट एचआरला दिली, त्यांनी 'अरे वा' म्हटलं, फाइलला लावली. इन्क्रिमेंट शून्य. (चहा मीच पाजला.) प्राध्यापक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग 55 टक्क्यांवर लक्ष ठेवा, राखीव प्रवर्गाला 50, आणि नेट-सेटच्या मागे लागा.

म्हणून माझं मत काकूंना आवडलं नाही. बी.कॉम.चा निकाल लागल्या लागल्या, दुसरं काही सुचत नाही म्हणून एम.कॉम. करू नये. दोन वर्षं कुठेही व्हाउचर चिकटवा, जीएसटीची रिटर्नं भरा, ऑडिटरच्या शिव्या खा. डोक्यात प्रश्न साठले की मग फॉर्म भरा. प्रश्नच नसतील तर ती दोन वर्षं गाइड पाठ करण्यात जातात, माझे सहा महिने गेले तसे. "आणि वय?" काकू म्हणाल्या. माझ्या बाकावर परीक्षेला बसलेल्या बाईंचा मुलगा बारावीला होता.

पोरानं जाताना हळूच माझ्या वह्या मागितल्या. माळ्यावर आहेत म्हटलं. कुठल्यातरी ऑफिसात वर्षाचे हिशेब बंद करायचे दोन मार्च एंडिंग काढून ये, मग शिडी लावू.