अंड्याने मुली लवकर वयात येत नाहीत : शाळेच्या जेवणावरच्या त्या मेसेजला उत्तर

"जागे व्हा पालकहो, शाळा तुमच्या मुलांना काय खाऊ घालते ते बघा" अशी सुरुवात असलेला एक मेसेज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. तुमच्याकडेही आला असेल. एरवी असल्या मेसेजला उत्तर द्यायला मी बसत नाही. पण हा आमच्या घरात शिरला. माझी मामेबहीण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. तिथे मुलांच्या अंड्यांसाठी लोकवर्गणी काढायचं जवळजवळ ठरलं होतं. बैठकीच्या आदल्या रात्री हा मेसेज ग्रुपवर पडला आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या आयांनीच हात आखडता घेतला. ताईची धाकटी सातवीत आहे. तिने मला फोनवर सांगितलं, "मावशी, मी आता अंडं खात नाही. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी सोडलंय."

म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अंड्यात हार्मोन असतात आणि त्यामुळे मुली वेळेआधी वयात येतात. खिचडीने मुलं सुस्त होतात, शाळेची खानावळ झाली आहे, त्यापेक्षा पैसे खात्यात टाका. पीटीचा तास फुकट जातो, तो गणिताला द्या. पोषणच हवं असेल तर दुधात 'हेल्थ ड्रिंक'ची पावडर घालून द्या. आणि शेवटी, आपले आजी-आजोबा भाकरी खाऊन ठणठणीत होते, त्यांना कुणी सरकारी खाऊ दिला होता?

आधी अंडं, कारण नुकसान तिथे झालं आहे.

"फार्मच्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात, ते हार्मोन अंड्यातून मुलींच्या पोटात जातात." हे लिहिणाऱ्याने अंड्यांच्या कोंबड्यांची शेड कधी आतून पाहिलेली दिसत नाही. अंड्यांची लेयर कोंबडी वेगळी आणि चिकनच्या दुकानातली ब्रॉयलर वेगळी. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत वाढते ती पिढ्यान् पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. लेयर साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात अंड्यावर येते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. कोंबडीने अंडी देत राहावं म्हणून पोल्ट्रीवाला शेडमध्ये बल्ब लावतो. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तास उजेड ठेवतो. कोंबड्यांना लशी देतात, राणीखेतची, गंबोरोची. त्यातल्या काही पाण्यातून किंवा डोळ्यात थेंब टाकून, काही टोचून. ती सुई पाहून कुणाला हार्मोन आठवले असतील तर त्याने निदान विचारायचं होतं. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून पुन्हा पुन्हा हार्मोन टोचायचं म्हटलं, तर त्याची मजुरी अंड्याच्या भावात कधीच निघणार नाही.

बरं, वादापुरतं धरलं की कुणी वाढीचं हार्मोन टोचलंच. ते प्रथिन असतं. उकडलेल्या अंड्यातून पोटात गेलं तर बाकीच्या प्रथिनांसारखं पचून जाईल. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन गिळता येत नाही, टोचून घ्यावं लागतं, ते याच कारणाने. कोंबडीचे स्वतःचे नैसर्गिक हार्मोन अंड्यात अगदी नगण्य प्रमाणात असतात. तसे ते गाई-म्हशीच्या दुधातही असतात. दूध मात्र मेसेजवाल्याला चालतं, कारण पुढे त्याला त्यात पावडर घालायची आहे.

यात अर्धसत्य आहे ते सांगून टाकते, नाहीतर उद्या कुणीतरी तेच पुढे करेल. पोटभर आणि चांगलं खाणाऱ्या मुलींना पाळी कुपोषित मुलींपेक्षा लवकर येते, हे खरं आहे. वजन फार वाढलेल्या मुलींमध्येही ती लवकर येते. युरोपात एकोणिसाव्या शतकात सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळी येत असे, ते वय पुढे तेराच्या आसपास आलं, आणि त्यात सुधारलेल्या आहाराचा मोठा वाटा होता. पण याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. वयात येण्याचा इशारा मेंदूतून निघतो आणि शरीरात पुरेसा साठा आहे का, याचा त्यात विचार होतो. उपाशी मुलीची पाळी लांबते ती शरीराकडे काही शिल्लक नसतं म्हणून. मुलीला उपाशी ठेवून तिची पाळी लांबवणं याला काळजी म्हणत नाहीत. आणि आठवड्यातून एका अंड्याने, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं आणि सत्तर-पंचाहत्तर कॅलरींनी, कुठलीही मुलगी लठ्ठ होत नाही.

दुसरी खरी गोष्ट अँटिबायोटिक्सची. पोल्ट्रीत त्यांचा गैरवापर होतो आणि तो काळजीचाच विषय आहे. कोलिस्टिनसारख्या औषधावर २०१९मध्ये केंद्राला पशुपालनात बंदी घालावी लागली. पण त्या प्रश्नाचं उत्तर तपासणी आणि कडक नियम हे आहे. आणि मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

तमिळनाडूत २०१०पासून शाळेच्या जेवणात आठवड्यातले पाच दिवस अंडं देतात. पाच दिवस! कर्नाटकात २०२४पासून एका खाजगी प्रतिष्ठानच्या मदतीने सहा दिवस अंड्याची सोय झाली आहे. आठवड्याच्या एका अंड्याने मुलींचं इतकं नुकसान होत असेल, तर मेसेज लिहिणाऱ्याने त्या दोन राज्यांतलं एखादं उदाहरण तरी द्यायचं होतं.

आपल्याकडे काय चाललंय? नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, जे खात नाहीत त्यांना केळं. अंड्यामागे पाच रुपये धरले होते, तेही बाजारात पुरत नव्हते. जानेवारी २०२५मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या असं शाळांना सांगितलं. म्हणून ताईच्या गावावर वर्गणीची वेळ आली. सक्ती कुणावर कधीच नव्हती. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असतं. तेव्हा त्या मुलांना केळ्याबरोबर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे मिळायला हवेत, आणि हे मागणं पालकांनी जरूर लावून धरावं.

निधी बंद होण्याआधीच्या हिवाळ्यात मी त्या शाळेत गेले होते तेव्हा नेमका अंड्याचा दिवस होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशी मोठ्या पातेल्यातली अंडी गार पाण्यात काढून भराभर सोलत होत्या आणि दोन मुली त्यांना ताटं पुरवत होत्या. पहिलीतला एक मुलगा पांढरं आधी खाऊन बलक शेवटपर्यंत जपून ठेवत होता. एका मुलीने अर्धं अंडं कागदात गुंडाळून दप्तरात ठेवलं. घरी अंगणवाडीतला भाऊ आहे म्हणाली. बाईंनी तिला समजावून तिथेच खायला लावलं. ज्या घरातलं पोर अर्धं अंडं भावासाठी राखतं, त्या घराला "हार्मोन आहेत" म्हणून घाबरवायचं, याचा मला खरोखर संताप येतो.

आणि घाबरल्या कोण, तर मुली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त वाढवायला एकटं अंडं पुरणार नाही. त्यासाठी शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, आणि ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं. म्हणजे गोळी टिकायलासुद्धा आधी जेवण लागतं. बी-१२, अ जीवनसत्त्व, उत्तम प्रथिनं हे मात्र अंड्यातून मिळतं, आणि नेमकं तेच भात-वरणावर वाढणाऱ्या मुलींना कमी पडतं.

आता खिचडी. "पैसे खात्यात टाका" हे ऐकायला बरं वाटतं. पण तो प्रयोग वेगळ्या रूपात होऊन गेला आहे. १९९५ साली शाळेच्या जेवणाची ही योजना देशभर सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत महिन्याला कोरडं धान्य घरी दिलं जाई. ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात जाई, आणि त्यात गैर काहीच नाही, पण शाळेतल्या मुलाच्या वाट्याला फार थोडं येई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे ताट मुलापर्यंत पोचलं. आज पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं द्यायची असं प्रमाण आहे. अन्नसुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क आहे.

या जेवणाने होतं काय, हे ज्यांना पाहायचं आहे त्यांनी एक अभ्यास वाचावा. २०२१मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात तो छापून आला. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते २०१६ या काळातल्या देशव्यापी सर्वेक्षणांची आकडेवारी घेतली. त्यांनी नुसती शाळेतली मुलं मोजली नाहीत. लहानपणी ज्यांच्या भागात शाळेचं जेवण सुरू होतं त्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची पाहिली. ती वयाच्या मानाने ठळकपणे जास्त निघाली. ज्यांना योजनेचा पूर्ण लाभ मिळाला त्यांच्या मुलांमध्ये हा फरक ०.४ प्रमाण विचलनाइतका (मुलाची उंची सरासरीपासून किती दूर आहे ते मोजायचं हे माप) होता. २००६ ते २०१६ मध्ये भारतातल्या लहान मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाचा असू शकतो असा त्यांचा हिशेब आहे. अशा मुली जास्त शिकल्या, त्यांचं पहिलं बाळंतपण उशिरा झालं, गरोदरपणात त्यांनी तपासण्या जास्त केल्या. महाराष्ट्रात कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या साधारण ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. हे प्रमाण कमी करायचं असेल तर आज सातवीत बसलेल्या मुलीच्या ताटापासून सुरुवात करावी लागेल. आणि मेसेज नेमका तिच्याच ताटातलं अंडं काढून घेतो.

"सुस्त होतात" याचंही उत्तर आहे. मुलांना वाचता-मोजता येतं का हे गावोगावी पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या आकडेवारीवर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण एका वर्षाहून कमी काळ मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसले. सकाळी चहा-बिस्किटावर आलेलं पोर अकरा वाजता पेंगतं, ते जेवणाआधी.

इथेही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही. तांदूळ जास्त, भाजी कमी असं होतं. शिक्षकांना रोजच्या नोंदी भरत बसावं लागतं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं, तेही वेळेवर येईलच असं नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं दगावली, ते कुणीही विसरू नये. म्हणूनच चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी जेवण चाखून त्यात सही करायची असते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती पालकांनी शाळेत जाऊन ती वही उघडून पाहिली आहे?

पीटीच्या तासाबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे, आणि जगातल्या ११ ते १७ वयाच्या दहातल्या आठ मुलांना तेवढी मिळत नाही. चीनमध्ये ग्वांगझूच्या काही शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर घेतला, तर तीन वर्षांत तिथल्या तीस टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं; असा तास न घेतलेल्या शाळांत हे प्रमाण साडेएकोणचाळीस टक्के होतं. मला जास्त बोचतं ते मुलींचं. आठवीनंतर त्या मैदानाच्या कडेला ओढणी सावरत बसतात. कुणी खेळायला बोलावत नाही, शाळेत धड स्वच्छतागृह नसतं, आणि आता मेसेज म्हणतो तो तासही काढून घ्या. खो-खोला दोन खांब लागतात, लंगडीला तेवढंही नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्यांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. गणिताचा तास हवा तर गणिताचे शिक्षक भरा, कितीतरी पदं रिकामी आहेत.

पावडर: एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितली. असल्या बहुतेक डब्यांवरचं साखरेचं प्रमाण वाचा, बाकी काही सांगायला नको.

आजी-आजोबा: त्यांनाही सरकारी खाऊ मिळाला होता. ७२च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाऊन महाराष्ट्रातली कितीतरी घरं तगली. तुमच्या घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर सुकडीची चव विचारा. आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला या देशातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. ठणठणीत आजी-आजोबा आठवतात, कारण जे जगले तेच आठवायला उरले.

राहिली ताईच्या शाळेची वर्गणी. तिथे ऐंशी मुलं आहेत. अंडं सात रुपयांना धरलं तरी आठवड्याला ५६० रुपये होतात. खरं तर हा खर्च सरकारनेच करायला हवा, आणि बंद केलेला निधी परत द्या असा ठराव प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामसभेने करून पाठवायला हवा. तोवर वर्गणीचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा ठेव, असं मी ताईला सांगितलं आहे. आयांना आवर्जून बोलाव, उपकेंद्राच्या सिस्टरना बोलाव, मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाच आणि एकेका ओळीवर सिस्टरना विचार. मुलींनाही बसू दे तिथे, प्रश्न त्यांच्या शरीराचा आहे.