जखम भरली, तरी हात का जळतो?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) बाईच्या अंगातले नैसर्गिक वेदनाशामक आहे, त्यामुळे बाळंतकळा सोसणाऱ्या बाईला नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहणारा मज्जातंतू) कापल्याचे दुखणे पुरुषापेक्षा कमीच जाणवते. तरीही दुखत असेल तर तो मनाचा खेळ समजावा आणि पाळी गेलेल्या बाईने इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. केळीच्या बागेत कोयता लागून मनगटाची नस दुखावलेली मजूर बाई जखम भरल्यावरही ‘हात नुसता जळस’ म्हणते, तेव्हा तिला घरातच गप्प बसवण्याचे काम असा मजकूर करतो.

इस्ट्रोजेन एकाच दिशेने काम करत नाही. ते किती प्रमाणात आणि कोणत्या पेशींवर पोचते, त्यानुसार वेदना वाढते किंवा घटते. पाळीच्या तोंडावर त्याची पातळी उतरते तेव्हा अनेकींची अर्धशिशी उसळते, हे खरे. पण त्यावरून ते सरसकट वेदनाशामक ठरत नाही.

बाळंतपणाच्या दाखल्यात थोडे तथ्य आहे. गरोदर उंदरांच्या माद्यांमध्ये प्रसूती जवळ येताना वेदना सोसण्याची मर्यादा वाढते, असे १९८० मध्ये दिसून आले. परंतु ही वाढ शरीरातील अफूसदृश द्रव्यांमुळे होते आणि प्रसूतीनंतर ओसरते. ती जन्मभराची शिदोरी नव्हे.

खरा फरक वेदनेच्या प्रमाणापेक्षा तिच्या वाटेत आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नस दुखावलेल्या नर उंदरांच्या मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींना रोखताच स्पर्शाने होणारी वेदना कमी झाली, माद्यांमध्ये मात्र तसे झाले नाही. त्यांच्यात ते काम बहुधा टी-पेशी (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) करत असाव्यात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर माद्याही नरांच्या वाटेने गेल्या. म्हणजे दुखणे दोघांनाही होते, ते चालू ठेवणाऱ्या पेशी तेवढ्या निराळ्या. हे इतक्या उशिरा कळावे याचे मला वाईट वाटते, पण कारण उघड आहे: वेदनाशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात २००५ पूर्वीच्या दहा वर्षांत आलेल्या प्राणी-प्रयोगांपैकी किमान ७९ टक्के प्रयोग केवळ नरांवर झाले होते.

मनाच्या खेळाविषयी एवढेच, की दुखावलेली नस बाहेरून काही न लागताही संदेश पाठवत राहते, म्हणूनच पदर लागला तरी कळ उठते.

राहिली गोळी. इस्ट्रोजेन हा नसेच्या वेदनेवरचा प्रस्थापित उपचार नाही, आणि गर्भाशय असलेल्या स्त्रीने ते एकटेच घेत राहिल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा रुग्णाने जळजळ, विजेसारखा झटका, बधिरपणा हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावेत, कारण गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे द्यायची की नाही, हे ते त्यांवरून ठरवतात.