हीट गनचा काळा रंग कायमचा नाही

'हीट गन फिरवली की बंपर कायमचा काळा' हे गाडीच्या पांढरट पडलेल्या प्लास्टिकवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्या २००९ च्या हॅचबॅकवर हीट गनचा, म्हणजे कडक गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचा, हा प्रयोग करून झालाय. पांढरट पडलेलं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळंभोर झालं, शेजारचे काका मुद्दाम बघायला आले, आणि पुढचा उन्हाळा सरेपर्यंत बंपर पुन्हा राखाडी. उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर खराब झालेला असतो. गरम केल्यावर तो वितळून सपाट होतो, म्हणून काळा दिसतो, एवढंच. अतिनील किरणांपासून संरक्षण काही मिळत नाही. दुसऱ्यांदा गन जरा जास्त वेळ धरली, तर दाराच्या प्लास्टिक पट्टीचा दाणेदार खरखरीतपणाच गेला. तिथे आता चकचकीत डाग मिरवतोय.

शेवटी साबणाने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिरॅमिक ट्रिम कोटिंग (बाहेरच्या प्लास्टिकवर लावायचा टिकाऊ संरक्षक थर) लावलं. दीड वर्ष झालं, पाणी अजून घरंगळतं. पुसायचा कंटाळा केलात तर पैसे पाण्यात, कारण जुन्या सिलिकॉन पॉलिशचा तेलकटपणा खाली तसाच राहतो. आणि हो, कडेच्या रंगावर आधी मास्किंग टेप लावा. पत्र्यावर सुकलेलं कोटिंग निघता निघत नाही.