बाटली आपलीच हाय!

माझ्या डाव्या भुवईवर सध्या तीन टाके आहेत. डॉक्टरांनी विचारलं, पडलात काय? म्हटलं, नाही, फुटबॉल बघत होतो. डॉक्टर कोल्हापूरचेच. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, सुईत दोरा ओवला.

टाके पडल्यापासून पेठेत माझी पत एकदम वाढली आहे. चहाच्या गाड्यावर माझे पैसे घेत नाहीत. कालपर्यंत ओळख न दाखवणारी पोरं 'मामा, कसं हाय आता?' म्हणून गाडी थांबवतात. तीस वर्षं इमानेइतबारे मॅच बघून जे जमलं नाही, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीनं एका दुपारीत करून दाखवलं. तेव्हा निष्ठावंत समर्थक कसं व्हावं, हे नव्या पिढीला सांगण्याचा अधिकार आता मला रीतसर मिळाला आहे, असं मी समजतो.

पहिली गोष्ट, टीम निवडायची नसते. ती लंडन-माद्रिदची फॅशन, टीव्हीवर बघून आवडली म्हणून जर्सी घेतली. आपल्याकडं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, फुलेवाडी ही काय दुकानातली बिस्किटं नाहीत. तुमच्या आजीनं ज्या नळावर पाणी भरलं, त्या नळाची जी टीम ती तुमची. आजोबांनी तालमीत जोर-बैठका मारल्या, वडिलांनी तिथंच कॅरम खेळला, तुम्ही तिथं मोबाईल चार्जिंगला लावता. पण निष्ठा तीच. उद्या तुम्ही हिंजवडीत फ्लॅट घेतलात तरी स्टेटस पेठेचंच पाहिजे. (माझी कुठली, ते सांगत नाही. दोन्हीकडून मार खायचं वय राहिलेलं नाही.)

लग्न जमवताना पत्रिका नंतर बघा. आधी मुलीचा मामा शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसतो ते काढा.

मॅच चारला असते, ऑफिस सहाला सुटतं. मधल्या दोन तासांसाठी देवानं नातेवाईक दिलेले आहेत. मी माझ्या एका चुलत आजोबांना एकाच हंगामात तीनदा दवाखान्यात घातलं. सेमीफायनलला ते चौथ्यांदा अत्यवस्थ झाले, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, 'त्यांना म्हणावं, फायनलपर्यंत तरी दम धरा.' साहेब समोरच्या पेठेचे.

ऑफसाइड समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका. समोरच्यानं गोल मारला की ऑफसाइड, आपण मारला की डोकं लावलं.

रेफ्री विकला गेलेला असतो. दोन्ही टीमना, एकाच वेळी.

आपल्या टीमनं नायजेरियाचा स्ट्रायकर आणला असेल तर त्याला पहिल्या गोलानंतर मिसळ खायला न्या, खांद्यावर घ्या, 'आपल्या पेठेचा वाघ' म्हणून फलक लावा. पेनल्टी चुकली की मात्र त्याचा रंग, त्याचा देश, त्याची आई सगळं आठवलं पाहिजे. त्याला मराठी कळत नाही असं समजून चालायचं. खरं तर शिव्या त्याला आपल्याआधी पाठ झालेल्या असतात, कारण पोरांनी पहिल्या आठवड्यात दुसरं काही शिकवलेलंच नसतं.

वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो, त्याची तयारी वेगळी. तेव्हा पेठ बाजूला ठेवून ब्राझील किंवा अर्जेंटिना व्हायचं. तिसरा पर्याय नाही. जर्मनी म्हणणाऱ्याला गल्लीत विक्षिप्त समजतात. आमच्या कोपऱ्यावर 2014 मध्ये एकानं स्वतःच्या खर्चानं ब्राझीलचा दोन मजली फलक लावला होता. 8 जुलैची ती मॅच आपल्याकडं रात्री दीडला सुरू झाली. हाफटाइमला जर्मनी 5-0. शेवट 7-1. पहाटे साडेतीनला अर्जेंटिनावाल्यांनी फटाक्यांची माळ लावली ती नेमकी त्या फलकाखाली. तो माणूस आणि त्याचा सख्खा मेव्हणा 2022 च्या डिसेंबरपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं त्या रात्री मेव्हणा पेढे घेऊन आला. तो समेट होता की डिवचणं, यावर अजून घरात एकमत नाही. हे मला आवडतं, खोटं का बोला. यात कुणाची भुवई फुटत नाही.

भारताची मॅच असेल तर बघू नका. बघायची काय असते? 2018 च्या जूनमध्ये मुंबईत आपण चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली, आणि बघायला माणसं जेमतेम अडीच हजार. त्या बिचाऱ्यानं मग व्हिडिओ करून हात जोडले, की टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. पुढची केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, भर पावसात हाऊसफुल्ल झाली. त्या आवाहनातला शिव्यांचा भाग कोल्हापूरनं तर त्यानं सांगायच्या कितीतरी आधीपासूनच मनावर घेतलेला आहे.

आता मुख्य विषय. बाटली.

फेकण्याचं शास्त्र असतं. रिकामी बाटली फेकू नये, ती वाऱ्यावर भरकटते आणि तुमचं हसं होतं. पूर्ण भरलेली फेकू नये, वीस रुपये वाया जातात. अर्धी पिऊन, टोपण घट्ट लावून, गळ्याला धरून फेकावी. फेकताना समोर बघायचं नाही, शेजारच्याकडं बघायचं, म्हणजे आपण नव्हतोच असं सांगता येतं. नेम लागला नाही तरी बिघडत नाही. स्टेडियम गोल आहे, कुणाला ना कुणाला लागतेच.

मला लागली ती अशी. रविवार होता. धाकट्या भावाची पोरगी, वय वर्षं नऊ, महिनाभर मागं लागली होती, 'काका, मला खरी मॅच दाखव.' ती रोज सकाळी टर्फवर शिकायला जाते. दोन वेण्या आणि पाठीवर 10 नंबर. तिला बघायचा होता समोरच्या टीमचा लेफ्ट विंगर, कारण तो दोन्ही पायांनी खेळतो. मी म्हटलं, बाई, हे इथं मोठ्यानं बोलू नकोस. ती म्हणाली, का? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला शेंगदाणे घेऊन दिले.

मॅच 1-1. सत्तरावं मिनिट असेल. आपला पोरगा उजवीकडून आत घुसला, बॉल बाहेर गेला, रेफ्रीनं गोलकिक दिली, म्हणजे बॉल समोरच्यांना. झालं. वरच्या पायऱ्यांवरून 'कॉर्नर! कॉर्नर!' पहिल्यांदा पाण्याचे पाऊच आले, मग बाटल्या, मग एक चप्पल (एकच, त्या माणसाचं मला अजून आश्चर्य वाटतं, घरी कसा गेला असेल). समोरच्या गॅलरीतून तेवढंच परत आलं, आपल्यात उधारी ठेवत नाहीत. मी पोरीला खाली दाबलं, तिच्यावर वाकलो, आणि मागून, समोरून नाही, मागून, आपल्याच लोकांतून एक बाटली आली. गॅलरीच्या लोखंडी गजावर आपटली आणि तिथून माझ्या भुवईवर.

रक्त डोळ्यात. पोरगी गप्प. मी मागं वळलो. विशीतलं एक पोरगं, गळ्यात आपल्याच रंगाचा रुमाल. माझ्याकडं बघितलं, जरा चपापलं, आणि मग अगदी दिलासा देत म्हणालं,

'काय न्हाई हो मामा. बाटली आपलीच हाय.'

म्हणजे मी काय करायचं? आपल्या पेठेच्या बाटलीनं रक्त कमी येतं? टाक्यांत सवलत मिळते? समोरच्यांची असती तर पेठेनं रात्री पाच-पंचवीस गाड्या फोडल्या असत्या. आपली निघाली, म्हणून मला चहा फुकट! आणि तो सांगत होता ते आपुलकीनं सांगत होता, यानं माझं डोकं जास्त फिरलं. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल.

मॅच तिथंच थांबली. पोलीस आत आले, आम्ही गर्दीतून बाहेर. रिक्षात पोरगी पहिल्यांदा बोलली. 'काका, तो कॉर्नर नव्हताच की. बॉल आपल्याच्याच पायाला लागून गेलता.'

हजारो माणसांत मॅच बघणारी ती एकटी होती.

13 डिसेंबर 2025 ला कोलकात्यात साल्ट लेक स्टेडियमवर खुर्च्या उचकटल्या, बाटल्या फेकल्या. मेस्सी आला आणि थोड्याच वेळात निघून गेला म्हणून. चूकच ती. पण निदान मेस्सीसाठी! आपण एका गोलकिकसाठी, ती पण बरोबर दिलेल्या गोलकिकसाठी.

पुढचा सल्ला व्हिडिओ काढण्याबद्दल होता. म्हणजे दगड सुरू झाले की मोबाईल आडवा धरावा की उभा, खाली हलगीचा ठेका लावावा की सिनेमातला डायलॉग. पण ते जाऊ दे. टाके ठणकायला लागले की मला तिरकं बोलायला जमत नाही.

अरे, लाजा वाटतात का तुम्हाला? ज्याच्या नावानं घसा फोडता तो आपला गोलकीपर त्या वेळी डोक्यावर हात घेऊन गोलपोस्टमध्ये उभा होता. एकोणीस वर्षांचं पोरगं ते. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये रात्रपाळी करतं, सकाळी सहाला मैदानावर येतं. त्याच्या पाठीत बसलेल्या तीन बाटल्यांतल्या दोन आपल्याकडच्या होत्या. हे तुमचं प्रेम. संघटनेनं टीमवर कारवाई केली की नोटीस त्यांच्या नावानं येते, तुमच्या नाही. बंदी आली तर हंगाम त्याचा जातो, तुमचा नाही. तुम्हाला काय, तुम्ही दुसऱ्या दिवशी 'बाप तो बापच' म्हणून स्टेटस ठेवून मोकळे.

अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा. 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. तेव्हा प्रत्येकजण 'आमच्या गल्लीत खेळायचा' म्हणून छाती काढत होता. पुढचा अनिकेत आत्ता कुणाच्या तरी शेजारी पायरीवर बसून बघतोय. त्याची आई उद्यापासून त्याला मॅचला सोडणार नाही. माझी वहिनी तर सोडणारच नाही. मला ती काही बोलली नाही, नुसती माझ्या शर्टावरच्या रक्ताकडं बघत राहिली.

'ईर्षा तर पाहिजेच, मामा, त्याशिवाय मजा न्हाई.' हे मला शिकवू नका. ईर्षा मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. समोरची टीम हरली की त्या दिवशी मला जेवण दोन घास जास्त जातं. पण 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच होती. गॅलरीत मारामारी सुरू झाली, चेंगराचेंगरी झाली, 16 माणसं मेली. 16! मॅच बघायला गेलेली. कुणाच्या घरी चहा टाकून ठेवला असेल, कुणी जाताना 'येताना दूध आणतो' म्हणून गेला असेल. त्या मेलेल्यांच्या घरी जाऊन सांगायचं होतं काय कुणी, की धक्का मारणारी आपलीच पोरं होती?

एक चेंडू, बावीस पोरं, नव्वद मिनिटं. एवढं गप बसून बघता येत नसेल तर येऊ नका. खरंच येऊ नका. घरी टीव्ही आहे, त्याच्यावर फेका बाटल्या. टीव्ही पण आपलाच असतो.

आणि हो, बाहेर आलो तेव्हा माझ्या गाडीचा डावा आरसा फोडलेला होता. गाडीवर आपल्याच टीमचं स्टिकर असताना. रुमालवाल्या, तू नसशील, पण तुझ्याबरोबरच्या लाल टोपीवाल्याला सांग की पानपट्टीवाल्यानं त्याला बघितलंय. त्याच्या आईला मी ताई म्हणतो. गुरुवारी टाके निघाले की संध्याकाळी सातला घरी येतोय. चहा नको. साडेतीनशे रुपये तयार ठेव.