जुने पोलिसी रिव्हॉल्वर घेताना घ्यावयाची काळजी

आपल्या तालुक्यात कुणाकडे तरी इंग्रजांच्या काळातले पोलिसी रिव्हॉल्वर विकावयाचे आहे, ही बातमी आपल्यापर्यंत पोचली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. अशी बातमी सर्वांना सांगितली जात नाही. ज्याच्या खात्यात सोयाबीनचे पैसे नुकतेच जमा झाले आहेत, किंवा ज्याचा समृद्धी महामार्गाचा मोबदला अजून पुरता संपलेला नाही, अशाच माणसाला पानठेल्यावर खर्रा घोटला जात असताना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले जाते, "भाऊ, एक चीज हाये, पाहता का?" आपल्याला विचारले गेले, याचा अर्थ पंचक्रोशीत आपली पत अजून शाबूत आहे.

घ्यावे की न घ्यावे, हा निर्णय शांतपणे करावा, आणि शांतपणे करावयाचा असल्यामुळे घरी विचारू नये. घरी विचारल्यास विहिरीवरची जळालेली मोटर, मुलीच्या वसतिगृहाची फी आणि गोठ्याची उडालेली टिनपत्रे असे विषयांतर होते व मूळ मुद्दा बाजूला राहतो. मूळ मुद्दा असा आहे की, मालगुजारांच्या वाड्यात बंदूक होती, देशमुखांच्या गढीत तलवारी होत्या, आणि आपल्या घरी मात्र आजवर फवारणीच्या पंपाहून घातक असे काहीही खुंटीला लागलेले नाही. ही ऐतिहासिक उणीव भरून काढण्याची संधी दारी आली असताना मोटरीचा विचार करणे क्षुद्रपणाचे ठरेल.

वस्तू पाहावयास जाण्यापूर्वी थोडी भाषा शिकून घ्यावी. आपल्याकडे 'बोअर' म्हटले की माणसे 'किती फुटांवर पाणी लागले' असे विचारतात. येथे मात्र बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, तोही इंचाच्या शतांशांत, म्हणून 'बत्तीस की अडतीस' असे विचारावयाचे असते. विक्रेता अभिमानाने सांगेल की वस्तू अडतीसची आहे, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीची आहे, आणि तशीच रिव्हॉल्वरे साहेबाने हाँगकाँगपासून सिंगापूरपर्यंतच्या पोलिसांना दिलेली होती. यात खोटे काही नाही. वेब्लीचे मार्क चार हे त्या काळातले नावाजलेले हत्यार होते. वरचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते, चक्र उघडे पडते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. या आराखड्याचे मोल असे की, इंग्रज सरकारच्या एन्फिल्ड येथील कारखान्याने तो जवळपास तसाच उचलून आपले रिव्हॉल्वर बनविले व १९३२ मध्ये ते सैन्यात रुजू केले. आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला गेला म्हणून वेब्ली कंपनी सरकारशी भांडली, दावा हरली, आणि अखेरीस एका आयोगाकडून १२५० पौंड पदरात पाडून घेऊन गप्प बसली. धुऱ्याच्या वादात भरपाई मिळाल्याचे हे उदाहरण आपल्या तालुक्याबाहेरचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अडतीस बोअरची अडचण एवढीच आहे की आपल्या देशात तो प्रतिबंधित बोअर आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. तो विषय दिल्लीच्या गृहमंत्रालयाचा आहे. ज्या माणसाचा पीकविम्याचा अर्ज तालुक्याच्या गावीच अडला आहे, त्याने दिल्लीशी पत्रव्यवहार सुरू करण्यात एक वेगळीच उंची आहे, हे मान्य करावे लागेल. परवान्याची वाट न पाहता वस्तू सरळ घरी आणून धान्याच्या कोठीत पुरण्याचा सल्ला काही अनुभवी माणसे देतील. त्यांचा अनुभव कुठला, हे विचारून घ्यावे. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या बोअरचे हत्यार सापडले तरी किमान २ वर्षे आणि प्रतिबंधित बोअरचे सापडले तर किमान ७ वर्षे, असा हिशेब आहे. म्हणजे बत्तीस आणि अडतीस यांतला फरक सहाचा नसून पाच वर्षांचा आहे.

यावर विक्रेत्यापाशी एक हमखास उत्तर असते. "हे तर पुरातन हाये भाऊ, याले लायसन लागत नाही." हा माणूस कायदा वाचून आलेला आहे, असे समजून त्याचा आदर करावा. १९५९ च्या अधिनियमातील कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहेच. अट फक्त एवढी की ते दुरुस्ती करूनही गोळी झाडण्याजोगे नसावे. आता आपण विक्रेत्याला विचारावे की ही वस्तू चालते काय. तो छातीवर हात ठेवून म्हणेल की अगदी काल चालवून पाहिली, घोड्यासारखी आहे. मग विचारावे की परवाना लागतो काय. तो म्हणेल की छे, ही चालतच नाही. एकाच रिव्हॉल्वरची ही दोन्ही रूपे एकाच चहाच्या पेल्यावर पाहावयास मिळतात, आणि पैसे आपण दोन्ही रूपांचे मोजावयाचे असतात.

किमतीविषयी संकोच बाळगू नये. परदेशी हत्यारांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्यामुळे देशात जी जुनी विलायती वस्तू आहे ती आहे तेवढीच आहे, आणि म्हणून तिचा भाव तिच्या कामगिरीवर ठरत नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात नवे कोरे, बत्तीस बोअरचे, परवान्यात सहज बसणारे रिव्हॉल्वर तयार होते. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेले 'निर्भीक' तर अवघे अर्धा किलो वजनाचे आणि सव्वा लाखाच्या आसपासचे होते. परंतु नव्या वस्तूला इतिहास नसतो. तिच्याविषयी सांगण्यासारखे फक्त बिल असते.

इतिहास तपासण्याची रीत मात्र नीट समजून घ्यावी. खरे संग्राहक नळीच्या आतली गंज पाहतात, चक्र हलते काय ते पाहतात, निरनिराळ्या भागांवरचे क्रमांक जुळतात काय आणि बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे मुकुटाचे ठसे जागेवर आहेत काय हे पाहतात, आणि मूळचा निळसर काळा मुलामा झिजलेला असला तरी तसाच राहू देतात, कारण पुन्हा चढविलेला मुलामा किंमत पाडतो. आपल्याकडची वस्तू बहुधा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या शिंगांबरोबरच घासूनपुसून चकचकीत केलेली असते, त्यामुळे हे सर्व कष्ट वाचतात. मुठीवर 'सी. पी. पोलीस' असा ठसा असल्यास दाम वाढवून मागितले जातील. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची आठवण जागी करणारा हा ठसा कोणत्याही लोहाराकडे दोन मिनिटांत उमटतो. पण लोहारही आपल्याच मातीतला आहे, तेव्हा अस्सलपणाला बाधा येत नाही.

विक्रेता पुढे सांगेल की हे रिव्हॉल्वर १९४२ च्या चिमूरचे आहे. थोडी घासाघीस केल्यास ते आष्टीचेही होऊ शकते. त्या वर्षी १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात आणि आष्टीत लोक इंग्रजी सत्तेवर चालून गेले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. या दोन गावांच्या नावाने आजवर जितकी रिव्हॉल्वरे विक्रीस निघाली, तितकी त्या दिवशी साऱ्या मध्य प्रांताच्या पोलिसांकडे तरी होती काय, अशी शंका प्रस्तुत लेखकास आहे. कारण शिपायाच्या हाती बहुधा लाठी किंवा बंदूक असे, रिव्हॉल्वर साहेबाच्या कमरेला. परंतु समजा, वस्तू खरीच तेथली निघाली, तर एक बारीकशी अडचण उद्भवते. त्या दिवशी आपले आजोबा नळीच्या कोणत्या टोकाला उभे होते, हे एकदा ठरवून घ्यावे लागेल. बैठकीच्या भिंतीवर १९७२ साली मिळालेले त्यांचे ताम्रपत्र आणि बरोबर त्याच्याखाली, मखमलीच्या पेटीत, ज्याच्यापुढे त्यांनी छाती काढली ते रिव्हॉल्वर, अशी मांडणी दिसावयास फार देखणी दिसेल. पाहुण्यांनी काही विचारलेच, तर दोन्ही वस्तू स्वातंत्र्यलढ्यातल्या आहेत असे सांगावे. त्यात असत्य काहीही नाही.

आता समजा, आपण शहाणपणाने अडतीसचा नाद सोडला आणि बत्तीस बोअरचे जुने कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह पाहिले. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत निघालेले हे हत्यार नावातच पोलीस असल्यामुळे ठशाचा खर्च वाचविते. ते रीतसर घेण्यासाठी अर्ज करावा लागेल आणि अर्जात कारण द्यावे लागेल. 'मालगुजारांकडे होती' हे कारण त्या नमुन्यात बसत नाही. जीवितास धोका आहे असे लिहावे, तर धोका देणारा कोणी तरी हवा. चुलतभावाशी धुऱ्याचे भांडण असल्यास ते या कामी उपयोगी पडते. मात्र त्याने आपल्याविरुद्ध तक्रार दिली असेल, तर चौकशीत आपणच धोका ठरतो. आपण तक्रार द्यावी आणि त्याने देऊ नये, यासाठी त्याची समजूत घालावी लागेल. आणि समजूत पटली, तर भांडण मिटते व धोका नाहीसा होतो. या पेचातून अद्याप कोणी सुटल्याचे ऐकिवात नाही, पण आपण प्रयत्न करावा.

पीकसंरक्षण हे कारण कास्तकाराला शोभणारे आहे, आणि कायद्यातही ते आहे. परंतु कायद्याने पिकाच्या रक्षणासाठी तोंडाकडून दारू ठासावयाची बंदूक मनात धरली आहे, चार इंचांच्या नळीचे रिव्हॉल्वर नव्हे. तरीही जागलीला जाताना ते कमरेला लावण्याची हौस असल्यास परिस्थिती समजून घ्यावी. रात्री दोन वाजता हरभऱ्यात रानडुकरांचा कळप शिरला आहे, टॉर्चच्या प्रकाशात सत्तर पावलांवर डोळे चमकत आहेत, आणि आपण एका पोलिसी हत्याराने, जे समोरासमोरच्या अंतरासाठी घडविलेले आहे, नेम धरीत आहोत. डुक्कर वाचेल, याविषयी निश्चिंत राहावे. रोही, म्हणजे नीलगाय, असेल तर तोही वाचेल. चुकून एखादे जनावर लागलेच, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आहे आणि वनखात्याची माणसे नुकसानीच्या पंचनाम्याला येतात त्याहून पुष्कळच लवकर येतील. फटाका आणि टिनाचा डबा यांच्याशी तुलना करावयाची झाल्यास, डब्याला परवाना लागत नाही एवढा एकच दोष त्यात आहे.

काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते. एका वेळी किती बाळगावयाची आणि वर्षाला किती घ्यावयाची, दोन्ही. पुलगावला देशातला एवढा मोठा दारूगोळ्याचा साठा, भद्रावतीला आयुध निर्माणी, नागपुरात अंबाझरीला आणखी एक, आणि आपल्याला मात्र सहा गोळ्यांसाठी परवान्याचे पुस्तक घेऊन दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते, याचा विषाद मानू नये. त्या गोळ्या वाचवून ठेवाव्यात. पुतण्याच्या लग्नात, वरात मारुतीच्या पारापाशी आली की एक तरी हवेत झाडण्याचा आग्रह होईल. २०१९ च्या दुरुस्तीने त्या एका गोळीचा दर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा निश्चित केलेला आहे. बँडवाले त्याहून स्वस्त पडतात.

विकणाऱ्याकडे परवाना असल्यास त्याने विक्रीचा इरादा लेखी कळवून ४५ दिवस थांबावयाचे असते. हे ४५ दिवस आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस असतील. वस्तू आपली झालेली आहे असे गाव समजत असते, आणि तिचा त्रास अजून दुसऱ्याच्या घरी असतो. जमल्यास ही मुदत वाढवून घ्यावी.

वस्तू घरी आल्यावर ती कुलपात राहते. ती लोकांना दिसत नाही, हा तिचा मुख्य दोष. आणि दिसू दिली तर पोलिसांना दिसते, हा दुसरा. हातात धरून काढलेले छायाचित्र भाच्याने भ्रमणध्वनीवर सर्वत्र पाठविले की ठाण्यातून बोलावणे येते, चहा मिळतो आणि परवान्याच्या अटी पुन्हा एकदा वाचून दाखविल्या जातात. कुलपाची किल्ली कोठे ठेवावी, हा प्रश्न मात्र घरोघरी निरनिराळ्या रीतीने सुटतो. प्रस्तुत लेखकाच्या ओळखीच्या एका घरी ती देव्हाऱ्यात असते, आणि चोर आलाच तर अंघोळ करून मगच ती घ्यावी लागेल, कारण आजी सोवळ्याच्या आहेत.

आणि मग निवडणूक येते. आपल्याकडे ती कायम येतच असते. लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की जिल्हा परिषद, मध्येच ग्रामपंचायत. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि कोणाचे हत्यार जमा करावयाचे ते ठरविते. आपले नाव त्या यादीत आले, तर रिव्हॉल्वर ठाण्यात जाते. आपले नाव त्या यादीत आले नाही, तर गावाला कळते की एवढे हत्यार बाळगूनही प्रशासनाला आपल्यापासून कसलाही धोका वाटत नाही. या दोहोंपैकी पहिला प्रसंग परवडतो. यादीत नाव यावे म्हणून काही परवानाधारक निवडणुकीच्या तोंडावर पानठेल्यावर थोडे मोठ्या आवाजात बोलू लागतात, असे दिसून आले आहे.

वयाची सत्तरी गाठल्यावर, किंवा हत्यार २५ वर्षे बाळगून झाल्यावर, ते वारसाच्या नावे करता येते. तोवर मुलगा पुण्याला हिंजवडीत स्थिरावलेला असतो आणि त्याला सोसायटीत कुत्रा पाळावयाचीही परवानगी मिळालेली नसते.

तेव्हा ठाण्यात वस्तू जमा करताना मिळणारी पावती नीट जपावी. तिच्यावर आपले नाव, हत्याराचा प्रकार, क्रमांक, बोअर आणि ठाण्याचा गोल शिक्का असे सर्व काही असते. ती कुलपात ठेवावी लागत नाही, तिला तेल घालावे लागत नाही, आणि पाहुण्यांना ती बिनधास्त हातात देता येते. तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर वीस रुपयांत लॅमिनेशन करून मिळते. ताम्रपत्राच्या शेजारी तेवढी जागा ठेवावी.