पेटीत टाकण्याआधी सोल दाबून बघा

युक्रेनच्या आघाडीवर पाठवायच्या गरम कपड्यांची निवडानिवड करायला गेले काही शनिवार जातेय. काल बुटांची एक जोडी हातात आली. चामडं चकचकीत, लेस नव्या, आत कुणीतरी मायेने कागदाचे बोळे भरून ठेवलेले. सवयीने अंगठ्याने सोलची मधली पट्टी दाबली, तर वाळक्या ढेकळासारखा तिचा भुगा झाला.

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं म्हणून लिहितेय. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला दमटपणा लागून तो वर्षानुवर्षं आतून खराब होत जातो, बूट कपाटात नुसते पडून असले तरी. देणाऱ्याची काहीच चूक नव्हती. पण पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या चिखलात तो सोल सुटला असता, तर त्या माणसाने काय केलं असतं?

थंडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पायांची खरी वाट ओल लावते. 'ट्रेंच फूट' व्हायला शून्याखाली जावंच लागत नाही. दहा-पंधरा अंशांतही ओल्या बुटात तासन् तास राहिलेला पाय बधिर होतो, सुजतो, सडू लागतो. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातल्या २०,००० हून जास्त सैनिकांवर त्यासाठी उपचार करावे लागले. पुढे सैनिकांच्या जोड्या लावल्या, एकाने दुसऱ्याचे पाय तपासायचे, व्हेलचं तेल चोळायचं, मोजे बदलायला लावायचे. शंभर वर्षं उलटली, खंदक तसेच आहेत आणि कोरड्या मोज्यांची गरजही तशीच. म्हणून लोकरीचे जाड मोजे आले की मला मनापासून आनंद होतो. वापरलेले चालतात. फक्त स्वच्छ धुतलेले हवेत, आणि टाच प्रकाशासमोर धरून बघा, विरलेली असेल तर ठेवून घ्या.

जॅकेटांच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. सुंदर, महागडं, भडक नारिंगी स्की जॅकेट येतं, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या. डोंगरात तो रंग जीव वाचवतो, खंदकात तोच जिवावर उठतो. अशी जॅकेटं आम्ही विस्थापित कुटुंबांसाठी वेगळी काढतो. अंगालगतच्या थर्मलचंही तसंच. साधं पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं; याच कारणाने २००६ साली इराकमध्ये अमेरिकन मरीनना तळाबाहेर असले कपडे घालायला बंदी केली होती. लोकर वितळत नाही. जुना लोकरी बनियन म्हणूनच माझ्या लेखी नव्या चकचकीत टी-शर्टपेक्षा मोलाचा.

एका जवळच्या माणसाने विचारलं, "सैनिकांना कपडे देणं म्हणजे युद्धालाच हातभार नाही का?" प्रश्न खोटा नाही, मलाही तो छळतो. पण २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी हल्ला चढवला, तोवर यातले कितीतरी जण शिकवत होते, गाड्या चालवत होते, शेती करत होते. त्यांच्या पायांची बोटं शाबूत राहावीत, एवढी इच्छा धरण्यात मला काही गैर वाटत नाही. तिथले साधे लोक रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी घालून, मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून ओततात आणि खंदकातल्या हातांना ऊब देणारे दिवे बनवतात. उरलंसुरलं देण्यात काही कमीपणा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. निकामी दिलं तर मात्र त्याची जागा एखाद्या कामाच्या वस्तूला मिळत नाही.

माझी स्वतःची स्लीपिंग बॅगही देतेय. तिची चेन पायाशी अडकायची. दुरुस्त करून घेतली, दोन रात्री गच्चीवर तिच्यात झोपून बघितलं. आता पाय गार पडत नाहीत.

पुढची पेटी रविवारी बंद होणार आहे. मागणी आहे ती ४३ ते ४५ नंबरच्या बुटांची, काळ्या किंवा मातकट रंगाच्या हातमोज्यांची आणि झाकण घट्ट बसणाऱ्या थर्मासांची. कुणाकडे असेल तर मेसेज करा. सोल आधी दाबून बघा.